मदत हवी आहे : जुन्या वुडस्टोव्हचं दार काढायचंय, बिजागऱ्या जाम आहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही व्हरमाँटमध्ये राहतो, माँटपीलियरपासून जरा आत, डोंगराकडे. दिवाणखान्यात बिडाचा भलामोठा वुडस्टोव्ह, म्हणजे लाकूड जाळून घर तापवायची शेगडी आहे. १९७९ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा घेतला, असं घराचे आधीचे मालक सांगतात. मागच्या बाजूला सरकारी प्रमाणपत्राची पट्टी नाही, म्हणजे १९८८ च्या धुराच्या नियमांच्या आधीचाच असणार. समोर एकच दार, भरीव, काच नाही.

अडचण अशी की दार लावून हवेची झडप पूर्ण बंद केली तरी आग मंदावत नाही. लाकूड भराभर संपतं, रात्री घातलेले ओंडके पहाटेपर्यंत टिकत नाहीत, आणि स्टोव्ह फार तापतो याची मला जास्त काळजी वाटते. दारात डॉलरची नोट धरून दार लावलं आणि नोट ओढून पाहिली. कडीच्या बाजूला ती घट्ट बसते. बिजागरीच्या बाजूला आणि खाली अलगद निघून येते. दाराच्या फटीतून हवा शिरू नये म्हणून खाचेत बसवलेला दोर चपटा, कडक झालाय आणि खालच्या कोपऱ्यात सुटलाय. तो बदलायचा हे नक्की. उभ्या दारात नवा दोर चिकटवायचं सिमेंट ओघळेल, म्हणून दार काढून टेबलावर आडवं ठेवून काम करायचा विचार आहे.

बिजागऱ्या दोन. प्रत्येकीत आरपार पिन आहे, वरून टोपीसारखं डोकं. वरची पिन किंचित फिरते, खालची ढिम्म हलत नाही. या पिना बीड न तुटता कशा काढायच्या? आधी कुठली काढायची? आणि अगदीच निघाली नाही, तर दार जागेवर ठेवून दोर बदलता येतो का?

जानेवारीत इथे पारा उणे २५ सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो. बर्फाच्या वादळात तारा तुटून वीज गेली की हीटिंग बंद, मग घरात ऊब देणारा हा एकच. सासूबाई आमच्याकडे असतात, त्यांना थंडी अजिबात सोसत नाही. म्हणून पहिला बर्फ पडायच्या आत हे मार्गी लावायचं आहे.

प्रतिसाद (मेन राज्य, अमेरिका)

ताई, हातोडीचा विचार सर्वांत शेवटी करा. बीड दाब सोसतं, ठोका सोसत नाही. बिजागरीचा कान एकदा तुटला की बिडाचं वेल्डिंग नीट करणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

स्टोव्ह पूर्ण गार हवा. राखेत पुरलेले निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात, तेव्हा राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून बादली घराबाहेर, लाकडी ओसरीपासून लांब ठेवा. मग पिनेच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल लावा. रात्रभर मुरू द्या, सकाळी परत लावा. घाई नको. त्यानंतर पिन वर ओढायची नाही, आधी फिरवायची. डोकं पकडीत धरून थोडं इकडे, थोडं तिकडे. पाव वळसा फिरली तरी निम्मं काम झालं, कारण गंजाची पकड फिरवण्यानेच सुटते. मोकळी झाली की खालून पितळी पंच लावून हलके हलके वर ढकला. तेल लावलेल्या जागी ज्योत किंवा हीट गन आणू नका.

खालची पिन आधी, वरची नंतर. वरची आधी काढलीत तर दार वरून सुटून अंगावर येतं. दाराखाली लाकडी पाचर सरकवून वजन तिच्यावर घ्या आणि दुसऱ्या माणसाला दार धरायला सांगा. भरीव बिडाचं दार दिसतं त्यापेक्षा बरंच जड असतं.

प्रतिसाद (यॉर्कशायर)

आमचा स्टोव्ह नव्या पद्धतीचा. दार ९० अंशांत उघडून सरळ वर उचललं की निघतं. तरी एक सांगते: आमच्या बिजागरीत पातळ वॉशर होते आणि त्यांच्यावरच दाराची उंची ठरते. दार निघताना ते राखेत पडले तर शोधत बसाल. खाली जुनी चादर अंथरा आणि काढण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या.

परत लावताना पिनेला साधं ग्रीस नको, ते जळून चिकटा होतो. ग्राफाइट किंवा तांब्याचं अँटी-सीझ (धातू जाम होऊ न देणारा लेप) लावा, म्हणजे पुढच्या वेळी ही वेळ येणार नाही.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

वर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, आणि माझ्या मते हे पिनांच्याही आधी यायला हवं. १९७९ चा स्टोव्ह आणि मूळचा दोर असेल, तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा (ज्याचे तंतू श्वासातून गेले तर फुफ्फुसांना घातक) असण्याची दाट शक्यता आहे. त्या काळी सर्रास तोच वापरत. नुसतं बघून ओळखता येत नाही. कृपया तो कोरडा खरवडू नका, तारेचा ब्रश किंवा ड्रिल लावू नका, घरच्या व्हॅक्यूमने तर मुळीच ओढू नका, त्याने तंतू घरभर उडतील. सुटलेल्या टोकाला भांड्याच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारून नखाएवढा तुकडा ओलाच पिशवीत बंद करा आणि प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत दाराला हात लावू नका. घरात वयस्कर माणूस आहे.

धागाकर्ती

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार दादा. नमुना ओला करून उद्याच पाठवते. पिनांना तेल लावणंही तोवर थांबवते.

प्रतिसाद (टोरांटो)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा स्टोव्ह का नाही घेत? २०२० पासून अमेरिकेत नव्या स्टोव्हना साधारणपणे तासाला २ ग्रॅमच्या आत धुराचे बारीक कण सोडण्याची मर्यादा आहे. तुमच्या जुन्या स्टोव्हपेक्षा धूरही कमी, लाकूडही कमी.

धागाकर्ती

पटतंय, आणि कधीतरी घेणारच आहोत. पण नवा बसवायचा तर धुराड्यात आतून नवा पाइपही घालावा लागेल, आणि ते काम या हिवाळ्याआधी होत नाही. तोवर आहे तो सुरक्षित करायलाच हवा.

धागाकर्ती (पुढची माहिती)

अहवाल आला. दोर अ‍ॅस्बेस्टॉसचाच निघाला. तो परवानाधारक माणसाकडून काढून घेतला. त्यांनी दार जागेवरच ठेवून दोर ओला करून काढला, खाच पुसून साफ केली आणि सगळं दुहेरी पिशवीत बंद करून नेलं. त्यानंतर पिनांना तेल दिलं. खालची पिन फिरवून फिरवूनच सुटली, हातोडी लागली नाही. नवऱ्याने दार धरलं, मी वरची काढली. दार आता गॅरेजमध्ये आडवं आहे. खाच १२ मिमी रुंद, ६ मिमी खोल भरते. दोर ३/८ इंची घेऊ की १/२ इंची?

प्रतिसाद (मेन)

छान झालं ताई. अर्धा इंची घ्या, ग्लासफायबरचा. आधी सिमेंट न लावता खाचेत बसवून पाहा. दोर ताणू नका. ताणला की बारीक होतो आणि हवा परत शिरते. उलट किंचित आत ढकलत, सैलसर बसवा. सांधा बिजागरीच्या बाजूच्या सरळ भागात ठेवा, कोपऱ्यात नको. दोर कापण्यापूर्वी त्या जागी टेप गुंडाळा, नाहीतर टोक उसवतं.

मग खाचेत सिमेंटची पातळ रेघ, त्यावर दोर. चौकटीवर मेणकागद धरून दार लावा, म्हणजे सिमेंट चौकटीला चिकटणार नाही. एक दिवस तसंच राहू द्या. पहिले एक-दोन जाळ छोटेच करा, सिमेंट हळूहळू पक्कं होतं. पिनांच्या तेलाचा वासही तेव्हाच उडून जाईल, खिडकी उघडी ठेवा. दोर दबला की नोट परत चारी बाजूंनी ओढून पाहा आणि कडी थोडी आवळा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सासूबाईंच्या खोलीजवळ नसेल तर पहिला जाळ करण्याआधी लावा.