मदत हवी आहे: माळावर पळणारा हा पक्षी कोणता?

नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या माळावर. नायगावचं मयूर अभयारण्य जवळ असल्यानं मोराचं इथं कुणाला कौतुक नाही. पण सध्या पडीक रानात एक पक्षी दिसतोय, त्याचं नाव गावात कुणालाच सांगता येईना.

जुनी माणसं म्हणतात, टिटवीच आहे. मला पटत नाही. टिटवीच्या चोचीजवळ लाल कातडी असते, माळटिटवीची पिवळी. याला तसलं काहीच नाही. दोघींचे पाय पिवळे, याचे पांढुरके. डोकं तांबूस, छाती-पोट नारिंगीकडं झुकणारं, डोळ्यावरून मागं पांढरी पट्टी आणि तिला लागून काळी. चोच काळी, किंचित वाकडी. चाल तर औरच. तुरुतुरु पळतो, एकदम थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, परत पळतो. ओरडताना ऐकलाच नाही, टिटवीनं एव्हाना गाव डोक्यावर घेतलं असतं.

पक्ष्यांच्या पुस्तकातलं धाविकचं चित्र बरंच जुळतंय. तोच असेल का? खात्री करायला अजून काय बघावं? फोटो मोबाइलचा, लांबून काढलेला, ठिपकाच दिसतो. जवळ गेलं की तो पुढं सरकतो.

दुसरं म्हणजे, हा टिटवीसारखी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो का? पुढच्या आठवड्यात तिथं वखर घालायचाय. अंडी कशी दिसतात ते कुणी सांगितलं तर आधी रान फिरून बघीन आणि तेवढा तुकडा सोडीन.