वाळवंटातले अकीक आणि जिओड : उचलायचे की तिथेच ठेवायचे?

गारगोटी

परवा इथे एक लेख आला. वाळवंटात फिरून अकीक (पट्टे असलेला, उजेडात आतून उजळणारा दगड) आणि जिओड (आत पोकळी आणि पोकळीत स्फटिक असलेले दगडी गोळे) गोळा करणारे सगळे 'निसर्गाचे दरोडेखोर' आहेत, आणि ज्याला दगड आवडतो त्याने फोटो काढून घरी जावं, असा त्याचा सूर. दोन ओळींत उत्तर देऊन सोडून देणार होते, पण लेख पुन्हा वाचला आणि राहवलं नाही. म्हणून वेगळा धागा.

अकीक भोवतालच्या लाव्हापेक्षा कठीण असतो. खडक झिजतो, अकीक सुटून खाली पडतो आणि तिथून ओढ्याच्या लोंढ्यात रगडला जातो, शेवटी त्याची वाळूच होते. अमेरिकेत यूटामधल्या डगवेचे जिओड घ्या. जिथे तयार झाले तिथे ते नाहीतच. बॉनव्हिल या प्राचीन सरोवराच्या लाटांनी ऱ्हायोलाइट हा ज्वालामुखीचा खडक फोडून ते बाहेर काढले आणि काही मैल लांब नेऊन गाळात पुरले. वाळवंटातला दगड कायम जागच्या जागीच असतो, हे गृहीतकच चुकीचं आहे.

कायदाही या छंदाला गुन्हा मानत नाही. अमेरिकेत बीएलएमच्या, म्हणजे सरकारी मोकळ्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या, बहुतेक जमिनींवर स्वतःपुरते, न विकण्याच्या अटीवर, वाजवी प्रमाणात दगड नेता येतात. अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाला तर मोजून मर्यादा आहे: दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंड. न्यू मेक्सिकोतल्या रॉकहाउंड स्टेट पार्कमध्ये प्रत्येकाला १५ पौंड नेऊ देतात. ते उद्यान सुरूच त्यासाठी झालंय.

आणि फोटो काढा म्हणणाऱ्यांनी एकदा कलत्या उन्हात सूर्याकडे तोंड करून चालून बघावं. समोरचे सगळे दगड काळे दिसतात आणि त्यात एखादाच आतून मधासारखा उजळतो. वाकून उचलायचा, थुंकी लावून अंगठ्याने पुसायचा, मग पट्टे दिसतात. तो हातात घेतल्याशिवाय मला भूगर्भशास्त्रातलं अक्षरही कळलं नसतं. फोटोतून हे येत नाही.

वाळवंटवेडी

लेख माझा नाही, पण त्यातलं बरंचसं मला पटतं. 'दरोडेखोर' हा शब्द सोडून.

कायद्यात बसतं म्हणून नुकसान होत नाही, असं थोडंच आहे? वाळवंटातल्या दगडी फरसबंदीवर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. वर एक-दोन दगडांचा थर, खाली बारीक भोकाभोकांची मऊ माती. वरचं झाकण हललं की ती उडायला मोकळी. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याच्या जनरल पॅटनने मोहावीच्या वाळवंटात रणगाड्यांचा सराव सुरू केला, त्या रणगाड्यांचे माग आजही दिसतात. तिथल्या जमिनीला जखम भरायला किती वेळ लागतो ते यावरून समजा. शिवाय दगडाखाली विंचू असतो, पाल असते. उन्हाच्या काहिलीत तेवढीच त्यांना सावली.

ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानातून उचलून नेलेले अश्मीभूत लाकडाचे तुकडे लोक मागाहून पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची पत्रं. ते तुकडे पुन्हा जागेवर ठेवता येत नाहीत, कारण नेमके कुठून नेले ते कुणालाच माहीत नसतं. नुसता ढीग करून ठेवलाय.

गारगोटी

राष्ट्रीय उद्यानातून उचलणं म्हणजे चोरीच, हे मीही म्हणते. तिथला दाखला मोकळ्या जमिनीला लावू नका. आणि रणगाडा कुठे, माझे बूट कुठे?

कातीव

तुम्ही दोघी उचलण्यावरून भांडताय. खरा सत्यानाश करतात ते जागेवरच हातोडा घालणारे. कॅलिफोर्नियातल्या हाउझर जिओड बेड्सवर जाऊन या. जमीन बघाल तर खड्डे आणि ठिकऱ्या. चांगला गोळा हाताला लागला की धीर धरवत नाही, दाणकन घालतात, चार तुकडे होतात, त्यातला एक खिशात आणि तीन तिथेच. लाखो वर्षांची वस्तू एका घावात संपली. अकीक कापायचा असतो. डायमंड ब्लेडवर, पट्ट्यांची दिशा बघून. चुकीच्या बाजूने कापलात तर सुंदर नक्षीसुद्धा मातकट दिसते.

उनाड

@कातीव, करवत सगळ्यांकडे नसते. आणि जिओड फोडायला करवतच हवी, हे मला मान्य नाही. पात्यासमोर आलेला प्रत्येक स्फटिक मधोमध कापला जातो, तेलाचं ब्लेड असेल तर तेल आत मुरतं आणि पांढरा क्वार्ट्झ पिवळट पडतो. नीट तडकवला तर स्फटिकांची टोकं जशीच्या तशी राहतात.

पद्धत अशी: गोळ्याच्या मध्यावर गोल रेघ आखायची, छिन्नी रेघेवर ठेवून हलकी टिचकी, जरा फिरवायचा, पुन्हा टिचकी. पूर्ण फेरी झाली की दुसरी फेरी. खणखणीत आवाज बसका झाला की समजायचं चीर गेली. तिथे थांबून हाताने दोन भाग वेगळे करायचे. मोठ्या गोळ्याला पाईप तोडायचा चेनवाला कटर लावतात, तो सगळीकडून सारखा आवळला जातो. माझी मुलगी छिन्नीने करते आणि तिचे तुकडे तुमच्या करवतीच्या तुकड्यांइतकेच सरळ निघतात.

कातीव

पोकळ जिओडला चालेल एक वेळ. भरीव अकिकाला नाही. हलका लागला म्हणून पोकळ समजायचं आणि आत भरीव निघाला की तुमची चीर पट्ट्यांमधून वेडीवाकडी जाते. असे वाया गेलेले तुकडे लोक माझ्याकडे 'यातून काही होईल का' म्हणून घेऊन येतात. काही होत नाही. आणि तेल मुरतं म्हणता, तर पाण्यावर चालणारी ब्लेडं वापरा. तेलाचीच असेल तर कापल्या कापल्या साबणाच्या पाण्यात टाका. या सबबी आहेत.

श्वास

कापण्याचा एवढा उपदेश चाललाय, त्यात धुळीचं नाव कुणी काढलं नाही. याची मला चीड येते. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. कोरडा घासलात की ती बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. सिलिकोसिसवर इलाज नाही. गुजरातेतल्या खंबातचे अकीक कारागीर पिढ्यान् पिढ्या याने मेले, घरात घासकाम चालायचं तिथली बायकापोरंसुद्धा. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ निवृत्तीनंतर हौसेने गच्चीवर कोरड्या ग्राइंडरने दगड घासायचे, नाकाला रुमाल बांधून. आज त्यांना एक जिना चढवत नाही. नवशिक्याला करवत घ्या म्हणून सांगताना पहिलं वाक्य पाण्याचं हवं.

कातीव

मी कोरडं कापा असं कुठे लिहिलंय? वर पाणी आणि तेल दोन्ही लिहिलंय. न वाचता अंगावर येऊ नका.

श्वास

तुम्ही पाणी लिहिलंत ते डाग पडू नये म्हणून. माणूस वाचावा म्हणून नाही लिहिलंत.

कातीव

ठीक. ओलंच कापा, ओलंच घासा, आणि साचलेला गाळ वाळण्याआधी पुसा, वाळला की त्याचीच धूळ होते. हे लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल, तर हे लिहिलं.

वाळवंटवेडी

धागा करवतीवर गेला, पण कातीव यांनी खड्ड्यांचा उल्लेख केला तो मला सोडवत नाही. मोहावीत एका खणून सोडलेल्या खड्ड्यात मी कासव अडकलेलं पाहिलंय. कड भुसभुशीत, ते पुढचे पाय टेकायचं आणि माती सुटून खाली यायचं. चटकन उचलावं तर तीही पंचाईत. वाळवंटी कासव घाबरलं की मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत त्याला तेवढाच आधार असतो. शेवटी आम्ही एका बाजूने माती ढकलून उतार केला आणि लांब जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने ते आपलं आपण वर आलं. तो खड्डा तुमच्यासारख्याच कुणा हौशी माणसाचा होता. जागेचे अक्षांश-रेखांश कुणीतरी ऑनलाइन टाकले होते, त्यानंतर वर्षभरात ती टेकडी चाळण झाली.

गारगोटी

खड्ड्यांबद्दल तुम्ही म्हणता ते नाकारता येणार नाही. खणून तसाच सोडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, आणि नेमकी जागा जाहीर करणाऱ्यांवर तर माझाही राग आहे. पण वरवरचा दगड वेचणाऱ्याला त्यांच्याच पंगतीत बसवणं अन्याय आहे.

आणि एक सांगा. दिवाणखान्यात ठेवायचे जांभळे जिओड उरुग्वेतल्या आर्टिगासच्या खाणींतून यंत्रं आणि सुरुंग लावून निघतात. दुकानातला भडक निळा-गुलाबी अकीक बहुतेक रंगवलेला असतो. काळा करायला आधी साखरेच्या पाकात आणि मग सल्फ्युरिक आम्लात घालतात, जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनची ही जुनी विद्या. त्या व्यापारावर लेखात एक वाक्य नाही. वाकून चार दगड वेचणारी माझ्यासारखी बाई मात्र दरोडेखोर.

वाळवंटवेडी

तिकडे सुरुंग लागतात म्हणून इकडची फरसबंदी उचकटायला परवानगी मिळत नाही. तुम्हाला वेचायचंच असेल तर ओढ्याच्या कोरड्या पात्रात वेचा. तिथे पाणी दर लोंढ्याला सगळं उलथवतंच, तुमच्या पावलांनी वेगळं काही बिघडत नाही.

गारगोटी

पात्रातले अकीक घासलेले आणि बारीक चिरा गेलेले असतात. पोकळ जिओड तर तिथवर क्वचितच धड पोचतो. तरी नव्या माणसाला आधी पात्र दाखवा, हे मला मान्य आहे. मी सोबत नेते त्यांना तसंच सांगेन. फरसबंदीच्या कडेने मात्र मी चालणार.

वाळवंटवेडी

कडेने चाला, मधून नको. आणि पात्रात कुणाला नेणार असाल तर आधी डोंगराकडचं आभाळ बघा. डोक्यावर ऊन असताना लोंढा येतो.

उनाड

लोंढ्याचं अगदी बरोबर, आम्ही एकदा गाडी पात्रात उभी करून थोडक्यात वाचलोय. छिन्नीबद्दल माझं मत तेच आहे. कातीव यांनी फक्त पोकळ जिओडपुरतं तरी मान्य करावं.

कातीव

पोकळ असल्याची खात्री असेल तर. खात्री नसेल तर करवत.