मदत हवी आहे: मामाचा जुना टर्नटेबल हळू फिरतोय, दुकानवाला म्हणतो मोटर गेली

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. ऑडिओतलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझा मामा तारवटी होता, मालवाहू बोटींवर नोकरी. सत्तरच्या दशकात कधीतरी त्याने जपानमधून पायोनियरचा टर्नटेबल आणला, बेल्टवाला, लाकडी पेटीचा, जाम जड. मामा गेला, आता मामीने चवथीच्या साफसफाईत कपाट रिकामं करताना तो नि दोन पेट्या रेकॉर्डी माझ्या गळ्यात घातल्या. उघडून बघितलं तर बेल्टचा चुइंगम झालेला, थाळीखाली चिकटून बसलेला, आणि सुईवर पांढरी बुरशी. गोव्याच्या पावसात कपाटात ठेवलेल्या वस्तूचं आणखी काय होणार म्हणा.

पणजीत एक छोटं दुकान आहे, नवे टर्नटेबल विकतात आणि जुने दुरुस्तही करतात, तिथे नेला. माणूस चांगला वाटला. बेल्ट बदलला, नवी सुई घातली, सुकलेलं ग्रीस काढून तेल दिलं, मागचा व्होल्टेजचा सिलेक्टर 110 वर होता तो 220 वर केला, सगळ्याचे 3200 घेतले, ते ठीक. पण घरी लावला तर गाणं जड येतं, जणू गवयाला झोप आलीय. परत नेला तर म्हणाला मोटर म्हातारी झालीय, दुसरी शोधून बसवायची तर 7500, त्यापेक्षा हा मला द्या आणि वर 12 हजार घालून नवा घेऊन जा. आता मला संशय यायला लागलाय, पण तो खरंही सांगत असेल.

एक गोष्ट आईने पकडली. नाट्यपदांची एक एलपी आहे, तेच रेकॉर्डिंग तिच्या मोबाइलवरही आहे. ती भजनाला पेटी वाजवते, तिने दोन्हीला सूर लावून बघितला. मोबाइलवर काळी दोन, टर्नटेबलवर पांढरी एक. म्हणाली, "हळू असेल पण हलत नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पांढरी एकच." याचा काही उपयोग होतो का बघा.

मोटर बदलू, नवा घेऊ, की आणखी कुठे दाखवू? आजीच्या काही 78च्या (मिनिटाला 78 फेरेवाल्या) जुन्या रेकॉर्डी पण आहेत, गायिका केसरबाई केरकरांच्या दोन, त्या यावर लावल्या तर चालतील का?

प्रतिसाद:
द्या टाकून. बेल्टवाल्यांची हीच रड, इकडे दमट हवेत रबर टिकत नाही. डायरेक्ट ड्राइव्ह घ्या, त्यात मोटरच थाळी फिरवते, बेल्ट नाही, आणि सुखी व्हा.

प्रतिसाद:
अहो थांबा, टाकून काय द्या! जुने पायोनियर लोक शोधत फिरतात. ताई, एक काम करा. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, 33 वर लावा, मोबाइलवर बरोब्बर तीन मिनिटं लावून फेरे मोजा. 100 यायला हवेत, कारण मिनिटाला 33⅓ फेरे, गुणिले 3. किती येतात ते इथे लिहा, मग बोलू. मोटर म्हातारी असली किंवा बेल्ट घसरत असला तर वेग सहसा कमीजास्त होतो, सूर डोलतो. तुमच्या मातोश्री म्हणतात सूर हलत नाही, म्हणजे मला वेगळीच शंका येतेय.

धागाकर्ती:
मोजले, दोनदा. 83, आणि वर थोडं. आईने पण मोजले, तिचेही 83.

प्रतिसाद:
मिळाला चोर. 100 चे 83 म्हणजे सहाचे पाच झाले, आणि काळी दोनवरून पांढरी एक म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्या खाली, तेही याच हिशेबात चपखल बसतं. तुमची मोटर ठणठणीत आहे. ही सिंक्रोनस मोटर, ती व्होल्टवर नाही, विजेच्या हर्ट्झवर, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते त्यावर धावते. आपल्याकडे 50 हर्ट्झ. तुमच्या मोटरवर बेल्ट फिरवणारी जी पितळेची छोटी पुली आहे ती 60 ची आहे. जपानात अर्धा देश 50 वर नि अर्धा 60 वर चालतो, तोकियोत 50, ओसाकात 60, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकीकडे जर्मन जनरेटर आले नि दुसरीकडे अमेरिकन, ते आजपर्यंत तसंच. म्हणून तिकडच्या अशा मशीनना दोन वेगळ्या पुल्या असायच्या. दुकानदाराने सिलेक्टर 220 ला केला ते बरोबरच, नाहीतर धूर निघाला असता, पण त्याने व्होल्टचं काम झालं, हर्ट्झ तेच राहिले. ट्रान्सफॉर्मर लावूनही हर्ट्झ बदलत नाहीत.

धागाकर्ती:
हे मस्त समजलं. पण मग मामा एवढी वर्षं कसा ऐकायचा? त्याला तर गाण्याचा नाद, हळू चाललेलं त्याला कळलं नसेल?

प्रतिसाद:
मी मुरगावचा, 22 वर्षं बोटीवर इंजिन रूममध्ये काढली. बहुतेक मोठ्या बोटींवर 440 व्होल्ट नि 60 हर्ट्झ असतात, केबिनमध्ये येताना व्होल्ट कमी करतात, हर्ट्झ 60 च राहतात. आणि सिलेक्टर 110 वर होता म्हणता. तुमचा मामा हा टर्नटेबल केबिनमध्ये वाजवत असणार, घरी नाही. मामीला विचारा.

धागाकर्ती:
काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार! मामीला फोन केला. म्हणाली घरी आणल्यावर मोठा ट्रान्सफॉर्मर जोडून दोन-चारदा लावला असेल, मग कपाटात गेला तो गेलाच. कारण काय तर मामा म्हणायचा, "हांगा गाणें न्हिदता." इथे गाणं झोपतं. आम्हाला वाटायचं त्याचा मूड.

दुसरी पुली शोधली, पेटीच्या खाली, आत, मामाच्या स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात, कुठेच नाही.

प्रतिसाद:
मग लेथवाला गाठा. कुंडईला किंवा बेतोड्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कोणीतरी टर्नर छोटं काम करून देईल. पुली काढून नमुना म्हणून न्या, व्यास 20 टक्के मोठा पाहिजे, 33 च्या वेगाची पायरी आणि 45 च्या वेगाची पायरी दोन्ही. मधलं भोक मोटरच्या दांड्यावर घट्ट बसायला हवं, जरा वाकडं झालं तर सूर डोलणार. दुकानवाल्याला चोर ठरवू नका हां, त्याने बाकीचं काम नीट केलंय, फेरे मोजायचे राहिले एवढंच. (मोटरचे 7500 मात्र फार झाले.)

आणि 78 चं, लावू नका. यात तो वेगच नाही, शिवाय 78 ची खाच रुंद असते, तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई लागते, एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. बुरशी पुसताना स्पिरिट अजिबात नको, त्या लाखेच्या असतात, विरघळतात. 1977 मध्ये नासाने व्हॉयेजरवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यात आपल्या फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई आहेत, आणि त्या लोकांनी तबकडीबरोबर काट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) नि सुईसुद्धा पाठवली. परग्रहावरच्याला सुई मिळाली, तुम्हाला शोधावी लागणार.

धागाकर्ती:
हाहा. आईला हे वाचून दाखवलं, केरीचं नाव आल्यावर दोनदा वाचायला लावलं.

तर अपडेट. लेथवाल्याने आधी "एवढंसं काम?" म्हणून तोंड वाकडं केलं, मग कशासाठी आहे ते सांगितल्यावर त्याला पण मजा वाटली, दोन दिवसांत करून दिली, 600 घेतले. जुनी पुली 9 मिमी होती, नवी 10.8. बसवायला पणजीलाच नेली, दुकानवाल्याने बसवून पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला ही जुनी पुली मला द्या, दाखवायला ठेवतो. दिली नाही.

तीन मिनिटांत 99. एक फेरा कुठे गेला?

प्रतिसाद:
बेल्टच्या जाडीत. ती धरायची असते हो, सांगायचं राहिलं, चूक माझी. व्यासात बेल्टची जाडी मिळवायची, मग 20 टक्के वाढवायचं, मग जाडी वजा करायची. तुमचा बेल्ट 0.6 मिमी धरला तर 10.92 यायला हवी होती. पण एका टक्क्यासाठी परत लेथवर जाऊ नका, कानाला सहसा कळत नाही.

धागाकर्ती:
आमच्या घरातल्या कानाला कळतं हो. आईने पेटीवर काळी दोन धरली, अख्खी बाजू ऐकली आणि म्हणाली, "किंचित उतरलाय. राहू दे, तुझा मामा असाच गायचा."

देव बरें करूं सगळ्यांचं. 78 ची सुई गोव्यात कोणाकडे असेल तर इथेच सांगा.