१५ लाखांत दोन दारांची जुनी ऑडी टीटी की नवी आय-ट्वेंटी एन लाइन?

दोन_दार
बजेट १५ लाख, सगळं धरून. वापर बडोद्यातलाच: रोज ओल्ड पादरा रोड ते मकरपुरा, महिन्यातून दोनदा एक्स्प्रेसवेने अहमदाबाद. घरात दुसरी मोठी गाडी आहे, त्यामुळे मागच्या सीटची आणि डिकीची चिंता नाही.

पर्याय पहिला: ऑडी टीटी कूपे, २०१३, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), २११ पीएस. मुंबई पासिंग, ५८ हजार किमी, विकणारा स्वतःला तिसरा मालक म्हणवतो. गाडी २०२३ पासून बडोद्यात आहे. मागणी १३ लाख ७५ हजार.
पर्याय दुसरा: ह्युंदाईची नवी आय-ट्वेंटी एन लाइन, डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). ऑन-रोड कोटेशन १३ लाखांच्या आत.

माझा कल टीटीकडे आहे. या पैशात खरीखुरी दोन दारांची, चारही चाकांना ताकद देणारी नवी कूपे भारतात मिळतच नाही. विरोधी मतं हवी आहेत, पण कारणांसकट.

मांजलपूरकर
नवी घ्या. कारणं देतो.

टीटी २०१३ ची, म्हणजे २०२८ मध्ये तिची १५ वर्षं भरतात. नंतर फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण. देशी गाडीला त्याची फी ५ हजार, आयात गाडीला ४० हजार. टीटी आयात गाडी आहे. पुढे विकायला काढाल तेव्हा घेणारा हाच हिशेब तुमच्यासमोर मांडेल.

दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्क्यांवर आला. एन लाइन ९९८ सीसीची, त्यात बसते. १२० पीएस, १७२ एनएम, चारही चाकांना डिस्क ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा घट्ट. रोज मकरपुऱ्याला जायला आणखी काय हवं? शिवाय नव्या गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल धरूनच बनतात. २०१३ च्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत.

दोन_दार
ताकद ठीक, पण एन लाइन शून्य ते १०० ला दहा सेकंदांच्या आसपास घेते, टीटी ५.६. आणि ती हॅचबॅक आहे, कूपे नाही.

दहाचा_पाना
"जुनी जर्मन गाडी नको" एवढ्यावर विषय मिटवू नका. कोणतं इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स, ते बघावं लागतं. टीटीची एकेक गोष्ट घेऊ.

गिअरबॉक्स. लोक ज्या डीएसजीच्या (फोक्सवॅगन-ऑडीच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सच्या) नावाने बोटं मोडतात तो सात स्पीडचा, कोरड्या क्लचचा डीक्यू२००, पोलो जीटी टीएसआयमधला. टीटीत सहा स्पीडचा, ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचा डीक्यू२५० आहे. दोघांना एका माळेत ओवू नका. ओल्या क्लचची अट एकच: दर ६० हजार किमीला तेल आणि फिल्टर. ही गाडी ५८ हजारांवर विकायला निघाली आहे, म्हणजे ते काम झालेलं नाही असं धरूनच भाव करा. झालंय म्हणाले तर बिल मागा आणि बिलावर लिटर वाचा. बदलताना पाच लिटरच्या वर तेल जातं. दोन लिटर लिहिलं असेल तर काम अर्धवट आहे.

मागच्या चाकांना ताकद पोचवणारं हॅल्डेक्स युनिट. त्याचं तेल लिटरभरही नसतं, म्हणून सगळे विसरतात. तेल जुनं झालं की पंप थकतो आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर चालू लागते. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. मोकळ्या मातीच्या जागेत उभ्या गाडीला एकदम जोर द्या: पुढची चाकं फिरत राहिली आणि मागून ढकललं गेलं नाही, तर खर्च समोर आहे. चारही टायर सारखे झिजलेले असायला हवेत. दोन नवे, दोन जुने असतील तर हॅल्डेक्सवर सतत ताण.

आता इंजिन, कारण खरा पैसा इथे जातो. २०१० नंतरच्या टीटीत ईए८८८ कुटुंबाचं इंजिन आहे, त्यातली दुसरी पिढी. त्याचे दोन जुनाट आजार.

एक, तेल पिणं. पिस्टनच्या ऑइल रिंग बारीक, त्यांची भोकं कार्बनने बुजतात, तेल सिलिंडरमध्ये चढतं. मॅन्युअलच्या हिशेबाने १००० किमीला अर्धा लिटर चालतं. त्याच्या पुढे गेलं तर पिस्टन-रिंगसाठी इंजिन उघडायचं, दुसरा इलाज नाही. वर टाकलेलं तेल सर्व्हिस बुकात दिसत नाही. म्हणून चारही स्पार्क प्लग काढून बघा. एखादा ओला, काळा निघाला की समजा. डिकीत उरलेल्या तेलाचा डबा सापडला तर तोही पुरावाच.

दोन, टायमिंग चेनचा (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग. जुन्या बनावटीच्या टेन्शनरचा खटका निसटतो, स्टार्ट करताना चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. कंपनीने नंतर टेन्शनरची बनावट बदलली. खालच्या टायमिंग कव्हरवर रबरी बूच असतं. ते काढून बारीक कॅमेरा घातला की आत कोणता आहे ते दिसतं. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) फेजचा आकडाही मिळतो: शून्याजवळ असावा, चार-पाच अंशांवर गेला की चेन ताणलेली. पूर्ण थंड इंजिन चालू करताना पहिले दोन सेकंद खडखडाट ऐकू आला तर स्कॅनरचीही गरज नाही.

बाकी किरकोळ: वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं एकत्र हाउसिंग गळतं, खाली गुलाबी खपली दिसते. थेट इंजेक्शन असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो. पंपासाठी इनटेक मॅनिफोल्ड उघडाल तेव्हाच कार्बन काढून घ्या, मजुरी एकदाच लागेल.

माझं मत: गाडी घ्यावी, पण १३.७५ ला नाही. चेन, दोन्ही तेलं, पंप आणि २४५/४०-१८ चे चार टायर मिळून तीन ते चार लाख बाजूला ठेवायला हवेत. तेव्हा सगळं धरून १५ मध्ये बसवायचं तर गाडी ११ च्या वर जाता कामा नये.

क्लच_पेडल
दोन्ही चूक. मजा गाडी चालवण्यात आहे, दारं मोजण्यात नाही. २०२३ नंतरची फोक्सवॅगन व्हर्टस १.५ जीटी, सहा स्पीड मॅन्युअल, दुसऱ्या हाताची शोधा. १५० पीएस, २५० एनएम, भंगार रस्त्यावरही तक्रार नाही. स्वस्तात हवं असेल तर फियाटची अबार्थ पुंटो: १४५ पीएस, २१२ एनएम, स्टिअरिंग इतकं बोलकं की आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगना जमत नाही.

दहाचा_पाना
व्हर्टसला माझा विरोध नाही. अबार्थला आहे. फियाटने इथली विक्री २०१९ मध्येच थांबवली. क्लच आणि टायमिंग बेल्ट मिळवाल, पण पुढचा बंपर किंवा हेडलाइट फुटला की गाडी महिनोन्महिने पत्र्याखाली उभी. बडोद्यात रात्री गाई रस्त्यात बसतात तिथे बंपरची उपलब्धता हा पहिला प्रश्न असावा.

दोन_दार
व्हर्टस सेडान आहे, बाद. दहाचा_पाना, पेंटची जाडी मोजायचं यंत्र घेऊन एक ओळखीचा मेकॅनिक येणार आहे. काय काय मोजायचं?

दहाचा_पाना
आधी यंत्र कोणतं ते विचारा. चुंबकावर चालणारं स्वस्त यंत्र टीटीच्या बॉनेटवर काहीच दाखवणार नाही. या पिढीच्या टीटीचा सांगाडा सुमारे ६९ टक्के ॲल्युमिनियमचा आहे. पुढचा भाग ॲल्युमिनियम, दारं, डिकीचं झाकण आणि मागचा तळ पोलादाचा. दोन्ही धातूंवर वाचणारं यंत्र लागतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २०० च्या वर म्हणजे पुन्हा रंगवलंय, ५०० च्या वर म्हणजे पुट्टी.

डिकीच्या झाकणाला पुट्टी असेल तर भाव पाडा आणि घ्या. पण पुढच्या ॲल्युमिनियमवर पुट्टी सापडली तर परत फिरा. तिथलं काम पोलादासारखं ठोकून आणि वेल्ड करून होत नाही, आणि गल्लीतल्या डेंटिंगवाल्याकडे त्याची हत्यारं नसतात. बॉनेटखाली फेंडरचे बोल्ट बघा: डोक्यावरचा रंग उडालाय म्हणजे पाना लागलाय.

पॉलिसीवाली
तुम्ही सगळे इंजिनात अडकलात. मला पहिल्या पोस्टमधलं "२०२३ पासून बडोद्यात" हे खटकतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये ही गाडी कुठे उभी होती?

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या पुरात नदी ३५ फुटांच्या वर गेली होती आणि बेसमेंटमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. टीटी बुटकी गाडी, तिच्या सीटपर्यंत यायला फार पाणी लागत नाही.

२०२३, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षांच्या पॉलिसी मागा आणि नो-क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीचा) आकडा ओळीने वाचा. ३५ किंवा ५० टक्क्यांवरून एकदम शून्यावर आला असेल तर मधे बहुधा क्लेम झालाय. कशाचा, ते लेखी घ्या. आणि विकणाऱ्याचा बोनस गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, हेही हिशेबात धरा.

पुढचं जास्त महत्त्वाचं. साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन लागतं, आणि तेरा वर्षांच्या गाडीला ते किंवा झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) बहुतेक कंपन्या देत नाहीत. नव्या एन लाइनला दोन्ही पहिल्या दिवसापासून मिळतात. या शहरात हा फरक छोटा नाही. माझं मत सरळ नव्या गाडीला.

अकोटा_पूल
ताईंशी सहमत. क्लेम न करता परस्पर धुऊन विकलेल्या गाड्याही आहेत, त्या पॉलिसीत सापडत नाहीत. म्हणून हे स्वतः बघा:

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग पुसलेला असतो, गुंडाळीतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा कडेने उचलून खालचा फोम दाबा. गालिचा नवा घालतात, फोम क्वचितच बदलतात. डिकीचा गालिचा उचलून तळाच्या खोबणीत बोट फिरवा. फ्यूज बॉक्समधल्या आणि सीटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर तिथेच थांबा. तांब्याचा गंज तारेच्या आत चढत जातो आणि वर्षभराने एअरबॅग, मग खिडक्या, मग गिअरबॉक्स अशा एरर एकामागून एक येतात. कुठलाही मेकॅनिक त्याचं मूळ एका दिवसात सांगू शकत नाही.

एसी पूर्ण जोरात लावून काचा बंद करा आणि कुबट वास येतो का बघा. एअर फ्रेशनर टांगलेला असेल तर आधी बाहेर काढा.

मांजलपूरकर
माझ्या बाजूची एक दुरुस्ती मीच करतो. एन लाइन घेतलीत तर डीसीटीऐवजी सहा स्पीड मॅन्युअल घ्या. तिचा डीसीटीही कोरड्या क्लचचा आहे. मे महिन्यात ४२-४३ अंशांत फतेहगंजच्या गर्दीत अर्धा-अर्धा फूट सरकत राहिलात तर क्लच तापतो आणि झिजतो. मॅन्युअल स्वस्तही आहे.

क्लच_पेडल
आता बोललात! आणि नव्या गाडीची घसरणही सांगा की. विम्याच्या तक्त्यानेच पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के किंमत जाते. टीटीची जेवढी पडायची तेवढी पडून झाली आहे.

मांजलपूरकर
किंमत पडून झाली, खर्च व्हायचाय. एक टेन्शनर गेला की पाच वर्षांची घसरण एका दिवसात.

पॉलिसीवाली
कागद राहिले. परराज्याची गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. २०२३ पासून मुंबई पासिंगवर चालतेय म्हणजे ते केलेलं नाही. मुंबईच्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, मालकी बदल २९ आणि ३० वर, नवा नंबर २७ वर, कर्ज असेल तर बँकेचा ३५. गुजरातचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागेल आणि आयात गाडीला दर वेगळा आहे. रक्कम आरटीओतून काढून घ्या, दलालाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. महाराष्ट्रातला उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो, पण तो ज्याच्या नावावर आरसी आहे त्यालाच.

आणि आरसीवर खरंच या तिसऱ्या मालकाचं नाव आहे का ते वाहन पोर्टलवर तपासा. दुसऱ्याचंच नाव असेल आणि हा नुसते सही केलेले फॉर्म घेऊन बसला असेल, तर एनओसीसाठी त्या माणसाला मुंबईत शोधणं तुमच्या गळ्यात पडेल.

दोन_दार
तपासलं. आरसी दुसऱ्या मालकाच्याच नावावर आहे. पॉलिसी मागितल्या, २०२५ ची आली, २०२४ ची "शोधतो" म्हणाले. तरी रविवारी सकाळी स्कॅनर आणि कॅमेरा घेऊन जातोय. तोवर एन लाइन मॅन्युअलचं कोटेशन मागवलंय.

पॉलिसीवाली
२०२४ ची हातात येईपर्यंत टोकन देऊ नका. दिलंच तर पावतीवर लिहून घ्या: आरसीवरच्या मालकाची सही, एनओसी आणि तिन्ही पॉलिसी ३० दिवसांत न आल्यास टोकन पूर्ण परत.

दहाचा_पाना
आणि आदल्या रात्री सांगून ठेवा की सकाळी गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी स्कॅनर पेटीतून काढूही नका, दुसरा दिवस ठरवा.