संकटात फादर दिसले नाहीत, तरी मिस्साला का जायचं?

बावखलकाठी
आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर सणाच्या वर्गणीवरून जुंपली आहे. एकाने लिहिलं, "एप्रिल 2021 मध्ये जे फिरकले नाहीत त्यांच्या हातात आता पाकीट कशाला द्यायचं?" लगेच चार-पाच ज्येष्ठ त्याच्यावर तुटून पडले. फादरांविरुद्ध बोलतोस म्हणजे तुझा विश्वासच डळमळला, असा एकूण सूर. मला तो मान्य नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझी बाजू आधी सांगतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आई घरीच होती, कारण वसई-विरारमध्ये बेड मिळत नव्हता. ऑक्सिमीटर 82 दाखवायला लागला तेव्हा तिने एकच मागितलं, फादरांना बोलव, तैलाभ्यंग हवा, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून देतात तो संस्कार. मी फोन करत राहिलो, रिंग वाजत राहिली. शेवटी फादरांकडून प्रार्थनेची ऑडिओ क्लिप आली. तीही फॉरवर्ड केलेली, वर दोन बाणांची खूण. आवाज कुठल्या तरी अनोळखी फादरांचा, प्रार्थना इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नव्हतं. तरी मी मोबाइल तिच्या कानाशी धरला.

मी आजही घरी रोज रोजरीची जपमाळ म्हणतो, रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवत नाही, फक्त शेजारच्या गावात जातो. फादर घाबरले याचा मला राग नाही, त्या दिवसांत कोण घाबरलं नव्हतं? राग याचा आहे की नंतर कुणी अवाक्षर काढलं नाही. चर्च पुन्हा उघडलं तेव्हा पहिल्याच प्रवचनात ऐकलं, "आपण सगळे या वादळातून सुखरूप पार पडलो." सगळे? पुढच्या बाकावरच्या दोन घरांत तेव्हा मृत्यूनंतरचा महिनामिस्सा सुद्धा झालेला नव्हता.

माझं म्हणणं इतकंच: ख्रिस्तावर विश्वास आहे म्हणूनच हा जाब विचारायचा. फादर आणि पॅरिश कौन्सिल यांनी धर्मग्राम सभेत सांगावं की त्या काळात काय केलं आणि काय केलं नाही. तोवर माझं पाकीट बंद.

निवृत्त_मास्तर
आईंबद्दल फार वाईट वाटलं. पण राग एका माणसाचा आणि शिक्षा अख्ख्या धर्मग्रामाला, हे पटत नाही.

तो काळ आठवा. राज्यातली प्रार्थनास्थळं मार्च 2020 पासून बंद, ती उघडली 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा टाळं, ते थेट 7 ऑक्टोबर 2021 पर्यंत. एका फादरांमागे शेकडो कुटुंबं. त्यात फादर-हाउसमध्ये वयस्कर, मधुमेही फादर राहतात. एका घरातला संसर्ग त्यांनी दहा घरी नेला असता तर आज तुम्हीच वेगळा धागा काढला असता. आणि जे गेले त्यांचं काय? देशभरात दुसऱ्या लाटेत कितीतरी फादर आणि सिस्टर्स दगावल्या. झाबुआचे बिशप बसिल भुरिया मे 2021 मध्ये कोरोनानेच गेले.

हा प्रश्न नवा नाही. 303 साली रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तेव्हा काही धर्मगुरूंनी जीव वाचवायला पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ थांबल्यावर उत्तर आफ्रिकेतले डोनाटिस्ट म्हणाले, असल्या भेकडांच्या हातचे संस्कार आम्हाला चालणार नाहीत. संत ऑगस्टीनने त्यांना पुढे सुनावलं की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या लायकीवर तो अवलंबून नसतो. शुद्ध धर्मगुरू शोधत गावोगाव फिरणं ही तीच जुनी वाट आहे.

बावखलकाठी
मास्तर, डोनाटिस्टांचं भांडण होतं की नालायक माणसाने दिलेला संस्कार खरा की खोटा. माझ्या आईला संस्कार मिळालाच नाही. नसलेल्या संस्काराला ऑगस्टीन काय करणार?

आणि सरकारी बंदी देवळं-चर्चांवर होती, आजाऱ्याच्या दारावर नव्हती. खुद्द रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, मार्च 2020 मध्ये मुभा दिली होती की वॉर्डाच्या दारात उभं राहून, लागला तर ध्वनिक्षेपक वापरून, सामूहिक पापक्षमा द्या. आमच्या घराला ओटी आहे, खिडकी आहे. खिडकीतून मराठीत दोन ओळी म्हटल्या असत्या तरी चाललं असतं.

नगरची_सूनबाई
आम्ही सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट), त्यामुळे बाहेरची समजून ऐका. सासरे कोरोनात गेले तेव्हा पाळकसाहेब स्वतःच पॉझिटिव्ह होते. सासूबाईंनी शास्त्र (बायबल) उघडलं, तेविसावं स्तोत्र वाचलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आमचं काही अडलं नाही. प्रत्येक विश्वासी याजक, म्हणजे धर्मगुरूच, आहे ही शिकवण अशा वेळी कामी येते.

पाळकांना मात्र मी सोडणार नाही. 1527 मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ गाव सोडून गेलं, प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक लूथर गरोदर बायकोसह तिथेच राहिला. प्लेगमधून पळावं का, या प्रश्नावर त्याने पत्र लिहिलं. त्यात मेंढपाळ आणि लांडगा पाहून पळणारा मजूर यांची योहानाच्या शुभवर्तमानातली ओळ त्याने पाळकांनाच लावली आहे. आपल्याकडचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक पाहा. 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. गोऱ्या मिशनऱ्यांच्या कारभारावर नाराज, पण ख्रिस्ताचं भजन शेवटपर्यंत.

निवृत्त_मास्तर
ताई, लूथर अर्धाच सांगितलात. त्याच पत्रात तो म्हणतो की गावात पुरेसे उपदेशक असतील तर बाकीच्यांनी आपसात ठरवून जायला हरकत नाही. औषध घ्या, धूर करा, गरज नसेल तिथे जाऊ नका, हेही आहेच. आणि प्रत्येक विश्वासी याजक असेल तर पाळकावर रागवायचं तरी कशाला?

नगरची_सूनबाई
पगार घेतो म्हणून. दशांश आमच्याकडेही मोजून घेतात.

फावडं_आणि_दोर
दोन्ही बाजूंची भाषणं वाचली. आता पुरणाऱ्याचं ऐका.

आम्ही धर्मग्रामातली सहा-सात पोरं होतो. मे महिन्याचं ऊन, अंगात पीपीई, ग्लोव्हजमध्ये घामाचं पाणी साचायचं आणि दोर हातातून सटकायचा. पेटी खाली सोडताना एक बाजू आधी टेकली की आतलं वजन सरकल्याचा आवाज येतो. घरचे भिंतीपलीकडे, कुणीतरी व्हिडिओ कॉल लावलेला. फादर यायचे. सिमेट्रीच्या फाटकापाशी उभे राहायचे, पुढे पाऊल टाकायचे नाहीत, आवाज कापायचा. पण एकही दफन त्यांच्या प्रार्थनेशिवाय झालं नाही. घाबरट म्हणा हवं तर.

बावखलकाठी, तुम्ही लिहिता "चर्च दिसलं नाही". मग आम्ही कोण होतो? मनपाचे कामगार? गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या मावश्या तांदळाच्या पिशव्या दारात ठेवून बेल वाजवून पळायच्या, त्या कोण? पाकीट बंद केलंत की पहिला फटका त्या पिशव्यांना बसतो, फादरांच्या जेवणाला नाही.

बावखलकाठी
"चर्च दिसलं नाही" असं मी लिहिलेलंच नाही, फादर दिसले नाहीत असं लिहिलंय. आईला तुम्हीच खाली ठेवलंत, ते विसरणं या जन्मी शक्य नाही. व्हिन्सेंट डी पॉलला मी दर महिन्याला थेट देतो, पावती आहे. बंद आहे ते सणाचं पाकीट, मंडप आणि बँडचं.

कोपऱ्यातला_बाक
मी पूर्ण सोडलं, म्हणून बोलायचा हक्क सांगते. तुमचा बंडखोरपणा मला कळत नाही. शेजारच्या गावात मिस्साला जाता म्हणजे फादर हवेतच, फक्त ज्यांनी दुखावलं नाही असे हवेत. तिथल्या फादरांनी त्या एप्रिलमध्ये किती दारं ठोठावली, विचारलंत? टिळकांनी मिशन सोडलं ते सोडलं, पलीकडच्या मिशनात जाऊन बसले नाहीत.

बावखलकाठी
नाही विचारलं. तिथे जातो ते फादरांसाठी नाही, ख्रिस्तशरीरासाठी, मिस्सात जिभेवर ठेवतात त्या पवित्र भाकरीसाठी. आमच्या श्रद्धेत ते घरी बसून मिळत नाही. स्वतःच्या चर्चमध्ये त्याच हातातून घ्यायला गेलो की जीभ बाहेर येत नाही, यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. आणि मास्तर ऑगस्टीन काढण्याआधीच सांगतो, तो संस्कार खरा आहे हे मला मान्य आहे.

निवृत्त_मास्तर
हे प्रामाणिक उत्तर आहे. पण सभेत उभं करून एका फादरांना जाब विचारणं म्हणजे गावजत्रा होईल. मिलानच्या 1576 च्या प्लेगमध्ये संत चार्ल्स बोरोमिओने चौकाचौकात वेद्या मांडल्या, लोक खिडकीतून मिस्सा पाहायचे. असा माणूस शतकातून एखादा निघतो. बाकीचे साधे असतात, आपल्याच घरांतून सेमिनरीत, फादर व्हायच्या शिक्षणाला, गेलेली पोरं असतात. त्यांच्याकडून संतपणाची वसुली करू नका.

बावखलकाठी
संतपणा कुणी मागितला? दफनानंतर आठ दिवसांनी एक फोन, "येता आलं नाही, माफ करा." एवढ्यासाठी चार्ल्स बोरोमिओ लागत नाही.

नगरची_सूनबाई
+1. आमच्या पाळकांनी बरे झाल्यावर घरी येऊन सासूबाईंजवळ बसून हेच केलं. पगाराचं माझं मत कायम आहे, पण त्यांच्यावर राग उरला नाही.

फावडं_आणि_दोर
एक व्यावहारिक प्रश्न. त्या फादरांची बदली होऊन काळ लोटला. सभेत उत्तर कोण देणार, नवे फादर? ते तेव्हा आमच्याकडे नव्हतेच.

बावखलकाठी
कौन्सिलमधले निम्मे लोक तेच आहेत. आजाऱ्यांकडे कुणी जायचं याची यादी झाली होती का, झाली असेल तर ती कुणी बाजूला ठेवली, हे ते सांगू शकतात. फादरांनाही एक रविवार इकडे पाठवायला बिशप-हाउसला जड जाऊ नये, वसईतच आहेत ते.

निवृत्त_मास्तर
मग लेखी द्या, सभेच्या आठ दिवस आधी सेक्रेटरीकडे. ग्रुपवर टाकलेलं धरत नाहीत. मी विरोधात बोलणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

बावखलकाठी
या. अर्जावर अनुमोदक म्हणून एक सही लागते. फावडंवाले, कराल?

फावडं_आणि_दोर
यादीबद्दलच्या प्रश्नावर करतो. वर्गणी बंदच्या ओळीवर नाही. ती खोडून मग पाठवा.