विंडोज सर्व्हरवरच्या शेअरवर (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरवर) ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ (सगळ्यांना पूर्ण मुभा) द्यावं की नाही?

धागाकर्ता:
३१ मार्चच्या संध्याकाळी आमच्या हिशेब विभागातल्या एका ताईंची एक्सेल फाइल सेव्हच होईना. उघडत होती, आकडे दिसत होते, पण सेव्ह केलं की ‘परवानगी नाही’. फाइलच्या सिक्युरिटी टॅबमध्ये त्यांच्या ग्रुपला मॉडिफाय (बदलायची, पुसायची परवानगी) दिलेलं. त्यांच्याच लॉगिनने सर्व्हरसमोर बसून केलं, तर लगेच सेव्ह झाली! दोन तास मी त्याच टॅबमधल्या टिका उलटसुलट करत होतो. घोळ होता शेअरिंगमध्ये. तिथे एव्हरीवनला नुसतं रीड (वाचायची परवानगी).

नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअर आणि एनटीएफएस (म्हणजे त्या सिक्युरिटी टॅबमधल्या) दोन्ही परवानग्या लागतात, त्यांतली जी कमी ती चालते. त्याच मशिनवर बसलेल्याला शेअरची परवानगी लागूच होत नाही. विंडोज २००० मध्ये नवीन शेअरला फुल कंट्रोल आपोआप मिळायचं, सर्व्हर २००३ पासून रीड मिळतं.

म्हणून माझं ठाम मत: शेअर मोकळा सोडा, सगळी राखण एनटीएफएसवर ठेवा. शेअरला तशाही रीड, चेंज, फुल या तीनच पायऱ्या. दोन जागी कुलपं लावली की किल्ली कुठली, हेच ऐन वेळी आठवत नाही.

प्रतिसाद १:
साफ असहमत. फाइल जो बनवतो तो तिचा मालक, आणि मालकाला तिच्या परवानग्या बदलता येतात. शेअरवर फुल असेल तर हे तो आपल्या टेबलावरूनच करतो. आमच्याकडे एका ट्रेनीने स्वतःच्या शीटवरून साहेबांचा ग्रुपच काढून टाकला होता. शेअरला चेंज द्या. लिहिता येतं, पुसता येतं, परवानग्यांना मात्र नेटवर्कवरून हात लागत नाही.

प्रतिसाद २:
पगारपत्रकाच्या फोल्डरला मी सरळ डिनाय (स्पष्ट मनाई) लावतो. वादच नको.

धागाकर्ता:
डिनायला माझा कडक विरोध आहे. ग्रुपांच्या परवानग्यांची बेरीज होते: एकात रीड, दुसऱ्यात मॉडिफाय, तर माणसाला मॉडिफाय मिळतं. पण एका ग्रुपवर डिनाय लावला की ती बेरीज मोडते. ‘सर्व कर्मचारी’ला डिनाय लावलात तर पगार काढणारी बाईही कर्मचारीच, तीही बाहेर! आणि वरच्या फोल्डरवरून आलेला डिनाय खाली थेट दिलेल्या अलाऊपुढे (परवानगीपुढे) टिकतही नाही. त्यापेक्षा त्या फोल्डरवर वरून येणाऱ्या परवानग्या तोडा आणि यादीत फक्त हवी ती नावं ठेवा.

प्रतिसाद २:
‘सर्व कर्मचारी’ला कोण लावतंय? मी फक्त कंत्राटी मुलांच्या ग्रुपला लावतो, तोही थेट पगाराच्या फोल्डरवर. उद्या त्यांतल्या एखाद्याला कुणी चुकून पगाराच्या ग्रुपमध्ये घातलं, तर तुमची यादी त्याला आत घेईल, माझा डिनाय नाही घेणार.

धागाकर्ता:
कंत्राटी मुलांपुरतं मान्य, पण तो मुलगा कायम झाला की जुन्या ग्रुपमधून त्याचं नाव काढायचं कोण लक्षात ठेवणार? मला ती धास्ती आहेच.

प्रतिसाद १, मालकाचा मुद्दा मात्र पटला. उद्या एव्हरीवनला चेंजवर आणतो. फुल फक्त ॲडमिन ग्रुपला, कारण परवानग्या मी माझ्या टेबलावरूनच बदलतो.