दुब्रोव्हनिकमधील मुक्कामाबद्दल मदत हवी आहे

येत्या सप्टेंबरअखेर आई-वडिलांसह क्रोएशियातील दुब्रोव्हनिकला जाण्याचा विचार असून, तेथे राहून आलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

मुख्य प्रश्न मुक्कामाच्या जागेचा आहे. तटबंदीच्या आतील जुन्या शहरात वाहने येत नाहीत आणि स्त्रादून या मुख्य रस्त्याच्या उत्तरेकडील गल्ल्या म्हणजे जवळजवळ जिनेच असल्याने, गुडघेदुखी असलेल्या आईला सामानासह तेथे नेणे धाडसाचे वाटते. उलट तटबंदीबाहेरील लापाद किंवा ग्रुझ भागात राहिल्यास रोज बसने जुन्या शहराच्या पिले दरवाजापर्यंत यावे लागेल. रात्रीचे शांत जुने शहर अनुभवण्यासाठी आतच राहावे, असे वडिलांचे मत आहे. सुमारे १९४० मीटर लांबीच्या तटावरून पूर्ण फेरी मारण्याचाही त्यांचा हट्ट आहे (गडकोटांचे वेड, दुसरे काय!). त्यासाठी सकाळची वेळ बरी की संध्याकाळची?

माँटेनेग्रोतील कोटोरची एक दिवसाची सहलही मनात आहे. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) असला, तरी माँटेनेग्रो त्याबाहेर असल्यामुळे एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर परतणे शक्य होणार नाही, हे लक्षात घेऊन आम्ही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणाऱ्या व्हिसासाठी अर्ज करणार आहोत. मात्र सीमेवरील रांगेत ज्येष्ठांना कितपत ताटकळावे लागते?

आई पूर्ण शाकाहारी असल्याने स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे, की तेथील उपाहारगृहांत तिची सोय होईल, हेही कृपया कळवावे.